प्रेअरी डॉग आणि गवताचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी मिसूरी नदीच्या मार्गाने पश्चिमेकडे धाडलेली लुईस व क्लार्क यांची तुकडी १८०४ सालच्या सप्टेंबरच्या ७ तारखेस हल्लीच्या नेब्रास्का संस्थानातील एका घुमटासारख्या टेकडीपाशी येऊन पोचली. टेकडी पाहून खाली उतरताना त्यांना सुमारे चार एकर जमीन बिळांनी चाळणीसारखी झालेली दिसली. बिळांच्या तोंडाशी लहानसे पिंगट प्राणी दोन पायांवर ताठ बसून शिट्टीसारखा आवाज काढीत होते, आणि माणसे जवळ जाताच सारी वसाहत क्षणार्धात भूमिगत झाली. मंडळींनी सहा फूट खणून पाहिले. पुढे बांबू घालून पाहता निम्मेही बीळ खणून झाले नव्हते असे आढळले. मग पहाऱ्यावरील माणसे वगळून बाकी सगळे पाणी वाहू लागले. एका बिळात पाच पिपे पाणी ओतले तरी ते भरेना. दिवसभराच्या या खटाटोपातून एक प्राणी मारला गेला आणि एक जिवंत हाती लागला.

मोठमोठ्या अस्वलांशी व रेड्यांशी गाठ पडण्याची तयारी करून निघालेली ही सशस्त्र तुकडी एक शेराच्या जनावरापुढे असा एक दिवस हरली म्हणावयास हरकत नाही. पुढील वसंतात तो जिवंत कैदी नावेतून सेंट लुई, तेथून न्यू ऑर्लिन्स, तेथून समुद्रमार्गे बाल्टिमोर असा प्रवास करीत १८०५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला पोचला. त्याच्याबरोबर निघालेल्या पाच पक्ष्यांपैकी एकच वाचला, हा मात्र धडधाकट होता. नंतर त्याची रवानगी फिलाडेल्फियाच्या पील यांच्या संग्रहालयात झाली.

या प्राण्याला कुत्रा का म्हणावे, याचा उलगडा त्याच्या आवाजात आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याला 'लहान कुत्रा' म्हटले, त्यावरून इंग्रजीत प्रेअरी डॉग हे नाव रूढ झाले. लुईसने 'भुंकणारी खार' असे लिहून ठेवले होते, आणि शास्त्रदृष्ट्या तेच अधिक बरोबर होते. कारण हा प्राणी खारीच्याच कुळातला. त्याच्या एकंदर पाच जाती आहेत. त्यांतील काळ्या शेपटीची जात सर्वांत विस्तृत पसरलेली, आणि येथील कथा मुख्यतः तिचीच आहे. लांबी हातभराहून कमी, वजन दोन पौंडांच्या आसपास, आहार गवत. बिळाच्या तोंडाभोवती मातीचा गोल वरंबा रचलेला असतो, त्यामुळे पावसाचे पाणी आत शिरत नाही व टेहळणीला उंचवटाही मिळतो. भोवतालचे गवत तो खातो तितकेच नुसते कुरतडूनही टाकतो. घार, गरुड किंवा कोल्हा दुरून दिसावा हा त्यातला हेतू. एकाने इशारा दिला की सारी आळी सावध होते. वॉशिंग्टन अर्विंगसारख्या ललित लेखकाला १८३५ साली या वसाहतीत एक छोटे प्रजासत्ताक दिसले, यात नवल नाही. लाकोटा लोक त्याला पिस्पिझा म्हणत. नैर्ऋत्येकडील नाव्हाहो लोक त्याची शिकार करून मांस खात. त्यांच्या शिकारीला भुकेची मर्यादा होती.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढील साऱ्या गैरसमजाचे मूळ तिच्यात आहे. हा प्राणी उंदीरघुशींसारखा बारमाही वीत नाही. मादीला वर्षातून एकदाच, वसंतात, तीनचार पिले होतात. त्यांतली पुष्कळशी पहिले वर्षही पुरे करीत नाहीत.

१८६५ साली यादवी युद्ध संपले आणि टेक्ससची गुरे उत्तरेकडे चालू लागली. पुढल्या वीस वर्षांत रानरेड्यांचे अफाट कळप बंदुकीने संपवले गेले, लोहमार्ग आले, काटेरी तार आली, आणि जेथे हजारो वर्षे रेडे चरून पुढे निघून जात, तेथे कुंपणात अडकलेली गुरे बारा महिने तेच गवत खाऊ लागली. कुरणांवर पेलेल त्याहून अधिक जनावरे सोडली गेली होती. १८८६–८७ च्या हिवाळ्याने उत्तरेकडील कळपांचा जो संहार केला, त्याला हिमवादळाइतकेच हे उघडे पडलेले कुरणही कारण होते. आता प्रेअरी डॉगला उंच गवत नकोसे असते, आखूड गवत मानवते. गुरांनी ते काम त्याच्यासाठी फुकट करून दिले. त्यातच कुरणमालकांनी कोल्हे, लांडगे, बिज्जू यांना गोळी व विष घालून त्याचे शत्रूही कमी केले. वसाहती पसरल्या, आणि कुरण ओसाड का झाले असा प्रश्न पडताच गुन्हेगार म्हणून समोर हाच उभा दिसला. कुरण खराब झाले म्हणून प्रेअरी डॉग वाढला, की प्रेअरी डॉग वाढला म्हणून कुरण खराब झाले, हे विचारण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी कोणी नव्हते.

या आरोपाला शास्त्राचा शिक्का मिळाला तो १९०२ साली. अमेरिकन शेतकी खात्याच्या प्राणिविषयक शाखेचे प्रमुख सी. हार्ट मेरियम हे मोठे अभ्यासू गृहस्थ. सस्तन प्राण्यांच्या शास्त्रात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. खात्याच्या वार्षिक ग्रंथात त्यांनी प्रेअरी डॉगवर एक लेख लिहिला. त्यात टेक्ससमधील एका वसाहतीचे वर्णन आहे: सॅन अँजेलोपासून उत्तरेस क्लॅरेंडनपर्यंत, लांबी अडीचशे मैल, रुंदी शंभर मैल, क्षेत्र २५,००० चौरस मैल, आणि त्यात राहणारे प्राणी चाळीस कोटी! पुढे त्रैराशिक असे. बत्तीस प्रेअरी डॉग एका मेंढीइतके गवत खातात, दोनशे छप्पन एका गाईइतके. म्हणजे टेक्ससचे हे चाळीस कोटी प्राणी १५,६२,५०० गाईगुरांचा चारा फस्त करतात.

आकडे इतके नेटके आहेत की त्यांनीच सावध व्हावे. पंचवीस हजार चौरस मैल म्हणजे एक कोटी साठ लाख एकर. चाळीस कोटींना त्याने भागले की दर एकरी बरोबर २५ प्राणी येतात. अर्थात एवढ्या प्रदेशातील प्राणी कोणी मोजले नव्हते. दर एकरी २५ धरून, आणि संपूर्ण पट्टा एकाच दाटीने भरलेला आहे असे मानून, गुणाकार केला होता. पुढील काळात प्रत्यक्ष मोजण्या झाल्या, तेव्हा बहुतेक वसाहतींत याच्या निम्मीही दाटी आढळली नाही. गाय व मेंढी यांच्याशी बसवलेले प्रमाणही चरण्याच्या निरीक्षणावरून काढलेले नव्हते. शरीराच्या आकारमानावरून अन्न ठरवण्याच्या एका सूत्रातून ते आले होते. आणि गाय जे गवत खाते नेमके तेच व तेवढेच प्रेअरी डॉग खातो, एकाने सोडले तर दुसऱ्याला मिळते, हे तर गृहीतच धरलेले. शाळेतील मुलाने हा हिशेब मांडला असता तर मास्तरांनी गुणाकाराला पूर्ण गुण देऊन 'पण ही रक्कम आली कोठून?' असे समासात लिहिले असते. येथे तसे विचारणारा कोणी निघाला नाही. दोनशे छप्पनांची एक गाय हे वाक्य कुरणमालकाच्या तोंडी बसले, सभांतून फिरले, आणि कायदेमंडळांपर्यंत गेले.

त्यानंतर जे झाले त्याला शिकार म्हणता येणार नाही. त्याला मोहीम म्हणावे लागेल. पैसा संस्थानांचा व जिल्ह्यांचा, देखरेख मध्यवर्ती सरकारची, मजुरी कुरणमालकांची, अशी वाटणी ठरली. ओट नावाच्या धान्याला स्ट्रिकनीन चोळून ते चमच्याचमच्याने बिळांच्या तोंडाशी टाकीत माणसांच्या रांगा मैदाने ओलांडू लागल्या. हे स्ट्रिकनीन म्हणजे कोकणच्या रानात ज्याला काजरा म्हणतात त्या कुचल्याच्या बियांतील विष. वैद्याच्या खलात गुंजेगुंजेने शुद्ध करून वापरले जाणारे द्रव्य तेथे पोत्यांच्या मापाने धान्याला लावले जात होते. १९३१ साली केलेल्या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची यादी दिली आहे. लांडगा व डोंगरी सिंह यांच्या पंक्तीला त्यात प्रेअरी डॉगचेही नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास १०८० या अंकानेच ओळखले जाणारे आणखी जालीम विष आले. अ‍ॅरिझोना संस्थानातून काळ्या शेपटीची जात १९६० च्या सुमारास पार नाहीशी झाली. इतरत्र पूर्वीच्या वसाहतींचा अगदी अल्प अंश तेवढा उरला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरील विषप्रयोगाला बराच आळा घातला. खाजगी जमिनींवर तो चालूच राहिला.

आणि बंदूक? ती या साऱ्या काळात होतीच. कुरणावरील पोराच्या हाती पहिली बावीस नंबरची बंदूक आली की त्याचे पहिले लक्ष्य हेच असे. परंतु प्रेअरी डॉगची शिकार हा दूरदूरच्या शहरांतून येऊन करावयाचा स्वतंत्र छंद झाला तो बंदुकांच्या कारखान्यांमुळे. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने .२२० स्विफ्ट हे काडतूस काढले. त्यातली हलकी गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाने सुटे. एवढ्या वेगाची गोळी दोनतीनशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जाते, आणि लहान प्राण्यावर आदळताच फुटून विखुरते. हरणासाठी ती हलकी, सशासाठी भलती जड. पण ताठ उभ्या राहणाऱ्या वीतदीड वीत उंचीच्या लक्ष्यासाठी जणू मापून केलेली.

शिकार म्हटली की माग काढणे, वारा पाहणे, दमछाक, हुलकावणी हे सारे आलेच. येथे त्यातले काही नाही. मे किंवा जूनच्या सकाळी, पिले नुकती बिळाबाहेर येऊ लागली असता, शिकारी कुरणमालकाच्या दारी जाऊन परवानगी घेतो. पूर्वी ती हसून मिळे, पुढेपुढे तिला दिवसाचा दर लागू झाला. वसाहतीपासून दोनतीनशे यार्डांवर तो टेबल मांडतो, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवतो, दुर्बीण लावतो, आणि वाऱ्याचा अंदाज घेत एकेक लक्ष्य टिपत जातो. नळी तापली की दुसरी बंदूक घ्यावयाची, ती तापेपर्यंत पहिली निवते. दिवसाकाठी शेकडो काडतुसे उडतात. मेलेला प्राणी उचलण्यास बहुधा कोणी जात नाही. मांस खावयाचे नसते, कातड्याला किंमत नसते. ही विद्या आहे यात शंका नाही. तीनशे यार्डांवर, आडव्या वाऱ्यात, वीतभर वस्तू टिपणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. मात्र ती नेमबाजीची विद्या आहे, पारधीची नव्हे. पारध्याला सावजाचे मन ओळखावे लागते. येथे सावज स्वतःच उंचवट्यावर उभे राहून इतरांना सावध करीत असते, आणि जो सावध करतो तोच आधी दिसतो व आधी पडतो.

१९९० च्या जुलैत कोलोरॅडो संस्थानातील नुक्ला या लहानशा गावाने प्रेअरी डॉग मारण्याची जाहीर स्पर्धा भरवली. खाणी बंद पडत चाललेल्या गावाला चार पैसे मिळावे एवढाच मूळ हेतू असावा. पण वृत्तपत्रवाले आले, प्राण्यांचे कैवारी फलक घेऊन आले, आणि शहर विरुद्ध खेडे असे त्या भांडणाला स्वरूप आले. शहरातल्यांना हा निव्वळ कत्तलखाना वाटला. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, आमच्या कुरणाची झीज आम्ही सोसतो, तुम्ही शहरात बसून दया शिकवता. कुरणमालकांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हे. विषाला पैसे पडतात, तर शिकारी उलट पैसे देऊन जातो. शिवाय काही शिकाऱ्यांनी असाही मुद्दा मांडला आहे की, आमच्यामुळे वसाहतीला किंमत येते, म्हणून मालक ती समूळ विषाने नष्ट न करता काही भाग राखून ठेवतो. हा युक्तिवाद ऐकताना चमत्कारिक वाटतो, पण त्यात तथ्य आहे. ज्या कुरणावर कोणीच बंदूक घेऊन येत नाही, तेथे बऱ्याचदा विषाची पोती येतात.

तथापि गोळीचा परिणाम मेलेल्यांच्या संख्येपुरताच राहतो, ही समजूत टिकली नाही. वायोमिंगमधील थंडर बेसिन या गवताळ प्रदेशात काही वसाहतींवर गोळीबार करून व काहींवर न करता तुलना केली गेली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. गोळीबारातून वाचलेले प्राणी आठपट अधिक वेळ नुसते सावध बसून काढू लागले, आणि चरण्याचा वेळ दोनतृतीयांशाने घटला. वाचलेल्या प्रौढांची प्रकृती तृतीयांशाहून अधिक खालावली. दुसऱ्या वर्षी गर्भ राहण्याचे प्रमाण निम्म्यावर आले व पिलांची निपज शेकडा ८२ ने कमी झाली. दाटी कमी झाली की उरलेले अधिक वितील, हा उंदरांवरून बांधलेला अंदाज या वर्षातून एकदाच विणाऱ्या प्राण्याला लागू पडला नाही. त्याच संशोधकांनी मेलेले प्राणी तपासले, तेव्हा फुटणाऱ्या गोळीने मेलेल्या शंभरांपैकी ८७ जणांच्या देहात शिशाचे कण सापडले. ते देह गरुड, घारी, बिज्जू यांच्या पोटात जातात.

एवढ्यावरही भागले नाही. तिसरे संकट समुद्रावरून आले. १८९४ साली हाँगकाँगमध्ये भडकलेली आणि १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात उतरलेली जी प्लेगची साथ महाराष्ट्रातील घराघरांत आठवणी ठेवून गेली, तीच जहाजावरील उंदरांबरोबर १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. तेथून ती रानातल्या खारींत शिरली, आणि १९३२ साली अ‍ॅरिझोनात प्रेअरी डॉगमध्ये आढळली. ज्या वसाहतीत प्लेग शिरतो तेथे शंभरांतील नव्वदांहून अधिक प्राणी काही आठवड्यांत मरतात. एकमेकांना सावध करण्यासाठी केलेली त्यांची दाट वस्तीच पिसवांच्या सोयीची ठरते.

या तिन्हींच्या तडाख्यात आणखी एक प्राणी सापडला, ज्याचे नाव कोणाच्याही हिशेबात नव्हते. काळ्या पायांचे फेरेट हे मुंगसाच्या बांध्याचे जनावर प्रेअरी डॉगच्याच बिळात राहते व जवळजवळ त्याच्यावरच जगते. ऑड्युबॉन व बाखमन यांनी १८५१ साली त्याचे वर्णन केले. १९७९ साली पिंजऱ्यातले शेवटचे फेरेट मेले, तेव्हा ती जात संपली असेच मानले गेले. १९८१ च्या सप्टेंबरात वायोमिंगमधील मीटीत्सी गावाजवळ एका कुरणमालकाच्या कुत्र्याने रात्री एक मेलेले जनावर दाराशी आणून टाकले. ते फेरेट होते. शोध घेता जवळच वस्ती सापडली, पण चारच वर्षांत रोगांनी ती पोखरली. १९८७ पर्यंत उरलेली १८ फेरेटे पकडून ठेवावी लागली. आज जगात जी काही आहेत ती त्यांचीच प्रजा.

इतक्या सगळ्यानंतर मेरियम यांच्या त्रैराशिकाची उलटतपासणी झाली. १९८४ साली दक्षिण डकोटातील कोनाटा खोऱ्याचा हिशेब मांडण्यात आला, तेव्हा विषप्रयोगाचा खर्च वाचलेल्या गवताच्या किमतीतून निघत नाही असे दिसले. कोलोरॅडोतील एका दीर्घ मोजणीचे फळ २००६ साली प्रसिद्ध झाले. कुरणाचा पाचवा हिस्सा वसाहतींनी व्यापला असता गुरांचे वजन शेकडा साडेपाच कमी वाढते. तीनपंचमांश व्यापला असता ही तूट शेकडा चौदाच्या आसपास जाते. म्हणजे तोटा आहे, आणि लहान कुरणमालकाला तो झोंबणाराही आहे. त्याला नुसते अडाणी ठरवून चालणार नाही. पण मेरियम यांनी कुरणाची उपज निम्म्याहून अधिक घटते असे लिहिले होते, त्याच्याशी या तुटीचा मेळ बसत नाही. कुरतडलेल्या जागी पुन्हा फुटणारे गवत कोवळे व कसदार असते आणि रानरेडे ते शोधून खातात, ही जमेची बाजू तर १९०२ च्या हिशेबात नव्हतीच.

कायदे मात्र हिशेबाइतक्या लवकर दुरुस्त होत नाहीत. कॅन्ससमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या कायद्याने स्थानिक अधिकाऱ्यांना असा अधिकार दिला की, मालक प्रेअरी डॉग मारीत नसेल तर त्याच्या जमिनीत शिरून ते मारावे व खर्च त्याच्याकडून वसूल करावा. शंभर वर्षांनी लोगन जिल्ह्यात काही कुरणमालकांनी विष घालण्यास साफ नकार दिला, तेव्हा याच कायद्याचा आधार घेण्यात आला. शेजारी म्हणत, तुमचे प्राणी कुंपण ओलांडून आमच्या कुरणात येतात. हे म्हणत, आमच्या जमिनीवर काय जगावे ते आम्ही ठरवू. दोघेही गुरे पाळणारे, दोघेही जमिनीच्या हक्काचीच भाषा बोलणारे. २००७ च्या डिसेंबरात नकार देणाऱ्यांच्या जमिनीवर फेरेटे सोडण्यात आली आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले.

कोनाटा खोऱ्यात १९९६ पासून फेरेटे सोडली गेली होती. २००८ साली तेथे प्लेग पोचला. तेव्हा सरकारी माणसे पिसवा मारण्याची भुकटी घेऊन निघाली आणि हजारो एकरांवर बीळ न् बीळ तिने धुरळले. त्याच गवताळ प्रदेशाच्या कडेला, जेथे सरकारी जमीन खाजगी कुरणांना भिडते, तेथे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून ठरलेल्या पट्ट्यात सरकारनेच झिंक फॉस्फाइड लावलेले ओट बिळांच्या तोंडाशी टाकले होते. आणि कुंपणापलीकडे, खाजगी कुरणांवर, परवानगी काढून आलेल्या शिकाऱ्यांची टेबले मांडली जात होती.